गोलकीपरला दहीसाखर

सुपरमार्केटमधल्या फ्रीझरचं दार उघडलं, की त्या बर्फाळ वासासरशी मला वीसेक वर्षांपूर्वीची ऑकलंडची रिंक आठवते. मुलांची आंतरराष्ट्रीय आइस हॉकी स्पर्धा होती आणि न्यूझीलंडचा गोलकीपर म्हणून माझा भाचा रोहन पहिल्यांदाच उतरणार होता. भीतीने पांढराफटक पडला होता. प्रमुख पाहुणे खेळाच्या उज्ज्वल भवितव्यावर बोलत असताना पुण्याहून आलेली माझी आई वाटी-चमचा घेऊन थेट कठड्याशी गेली.

"हेल्मेट काढ. आ कर."

"आजी, नॉट नाऊ!"

"मग काय, हरल्यावर?"

भाषण थांबलं. मी मान खाली घातली. रोहनने दहीसाखर गिळली आणि सकाळपासून पहिल्यांदा हसला. पाहुण्यांचा आज एक शब्दही आठवत नाही.

सामना आम्ही सपाटून हरलो. गाडीत आई त्याला म्हणाली, "तुझी काही चूक नाही, बाळा. दही विकतचं होतं."