अकरा इच्छुक आणि एक रिकामी खुर्ची

त्या वर्षी जिल्हा परिषदेचा आमचा गट बायांसाठी राखीव सुटला आणि गावोगावच्या पुरुषांना आपापल्या बायकांचे गुण दिसायला लागले. काल-परवापर्यंत जिला चारचौघांत ‘तुला काय कळतं’ म्हणून गप्प बसवायचे, ती एकदम समाजसेवेची आवड असलेली झाली. एकाच पक्षाकडे अकरा जणींनी तिकीट मागितलं. त्यातली एक माझी वहिनी.

तालुक्याचे नेते सावध गृहस्थ होते. एकीला हो म्हटलं की दहा घरं तुटणार. वाटूर फाट्यावरच्या केबलवाल्यानं त्यांना युक्ती सुचवली. अकराही जणींना एका ठिकाणी बसवायचं, सगळ्यांना सारखे प्रश्न विचारायचे, शूटिंग करायचं आणि रविवारी संध्याकाळी त्याच्या चॅनलवर दाखवायचं. लोक काय म्हणतात ते ऐकून नेत्यांनी तिकीट ठरवावं. नेत्यांना ते तात्काळ पटलं. वाईटपणा परस्पर लोकांच्या माथी जाणार असेल तर ते कोणाला नको असतं?

दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, वहिनीचं नाव दिलं ते स्वतःच्या हौसेपोटी. गाडीवर पाटी लावायची त्याला फार इच्छा. पण वहिनीनं ते मनावर घेतलं, कारण तिला त्यातून एक गोष्ट हवी होती. गावातली शाळा सातवीपर्यंत. माझी पुतणी सातवीत होती आणि आठवी वाटूरला. माझ्या वडिलांनी, आबांनी, आधीच सांगून ठेवलं होतं, “पोरगी एकटी वाटूरला न्हाई जायची.” शाळा जिल्हा परिषदेची. तिला आठवीचा वर्ग जोडायचा तर हालचाल तिथूनच व्हायला हवी. वहिनीचा विचार सरळ होता. तिकीट मिळालं, निवडून आली, तर लेक शिकेल. नाही मिळालं तर जूनमध्ये पोरीचं दप्तर खुंटीला लागेल. वहिनीचं स्वतःचं दप्तर दहावीच्या आधीच खुंटीला लागलं होतं, लग्न ठरल्यामुळे.

मी जालन्याला मस्तगडात मामांकडे राहून बी.ए. झालेली आणि स्थळं पाहणं चाललेलं, म्हणून घरी रिकामीच होते. वहिनीची तयारी मी करून घेतली. मी प्रश्न विचारायची, ती भाकरी थापता थापता उत्तर द्यायची. हात चालू असले की झकास बोलायची. थापणं थांबलं की बोलणंही थांबायचं. मी तिला म्हटलं, “वहिनी, तिथं परात नाही मिळायची.” ती म्हणाली, “मंग मनातल्या मनात थापीन.”

आता आमच्या घरची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर खुर्चीवर किंवा बाजेवर बसत नाही आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे दोघांमधले निरोप आधी मी न्यायची आणि मी जालन्याला गेल्यावर पुतणी. “आबांना विचार, पाणी तापलं, उठतेत का म्हणून,” असं वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची. आबा तिथंच बाजेवर बसलेले असायचे आणि त्यांना सगळं ऐकू गेलेलं असायचं. तरी पोरगी येऊन सांगेपर्यंत ते थांबायचे. मग म्हणायचे, “तुझ्या मायला म्हणावं, आलो.” मी मात्र लेक. मी त्याच बाजेवर तंगड्या पसरून पेपर वाचायची. यात काही जुलूम आहे असं कोणाला वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू.

शूटिंग फाट्यावरच्या मंगल कार्यालयात होतं. कॅमेरावाला एरवी लग्नाच्या कॅसेटी काढायचा. त्यानं सहा खुर्च्या पुढे मांडल्या आणि मागे फळ्यांच्या ओट्यावर पाच. चेहरे मोठे दिसावेत म्हणून पुढच्या रांगेचं कमरेपासून वरचंच घ्यायचं त्यानं ठरवलं आणि कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बसवला. प्रश्न विचारायला एक निवृत्त हेडमास्तर होते. वहिनी पुढच्या रांगेत, दाराच्या बाजूला. जांभळी साडी, डोक्यावर पदर, हात मांडीवर. मी कॅमेऱ्यामागे नवरेमंडळींच्या गर्दीत बसले होते. तिची बोटं हलताना दिसली आणि मला हसू आलं. थापणं सुरू झालं होतं.

आबा येणार नव्हते. त्यांना बैलांसाठी कासरे घ्यायचे होते, म्हणून ते सकाळीच वाटूरला गेलेले. काम उरकलं असेल आणि पाय वळले असतील. पहिला प्रश्न संपतो न संपतो तोच कार्यालयाच्या दारात त्यांचा फेटा दिसला. वहिनी उठली, पदर पुढे ओढला आणि खुर्चीसमोरच्या सतरंजीवर मांडी घालून बसली.

हेडमास्तर म्हणाले, “बाई, वर बसा ना.” तिनं मान हलवली. त्यांनी दाराकडे पाहिलं, आबांना पाहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला. तेही इकडचेच. कॅमेरावालाही इकडचाच. बाई खाली बसली म्हणजे कोणीतरी मोठं माणूस आलं असेल एवढं त्याला बराबर कळलं. कॅमेरा जरा खाली वळवावा हे मात्र सुचलं नाही. मलाही सुचलं नाही. आम्हा कोणालाच त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही, कारण ते रोजचंच होतं.

तिच्याकडे माईक आला तेव्हा ती सतरंजीकडे बघत बोलली आणि फार चांगलं बोलली. सातवीनंतर गावातल्या किती पोरी घरी बसल्या ते तिनं घरागणिक सांगितलं. कोणाची लेक कोणाच्या रानात निंदायला जाते, कोणाचं लग्न झालं, सगळं. आबा दाराच्या चौकटीला टेकून शेवटपर्यंत उभे होते. मग कासरे खांद्यावर टाकून निघून गेले.

रविवारी संध्याकाळी आमची बैठक माणसांनी भरली. बाजेवर आबा, खाली पुरुष आणि पोरंसोरं, स्वयंपाकघराच्या दारात बाया आणि त्यांच्या मागे वहिनी. सुरुवातीलाच कॅमेरावाल्यानं आपली कला दाखवली. लग्नाच्या कॅसेटीत नवरानवरी येतात तसे अकराही जणींचे चेहरे एकेका लाल बदामात आले. वहिनीचा बदाम आला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. आबांनी नेमकी तेव्हाच चुन्याची डबी उघडली आणि तंबाखू मळून होईपर्यंत मान वर केली नाही.

मग प्रश्न सुरू झाले आणि आमच्या बैठकीतला कार्यक्रमही. टीव्हीवर काय चाललंय यापेक्षा इथंच जास्त बोलणं होतं. “हिची साडी नवीये.” “नवी कुठली, बहिणीच्या लग्नातली हाय.” मागच्या रांगेतल्या एकीच्या पाठीमागून तिच्या नवऱ्याचा हात, मनगटी घड्याळासकट, चिठ्ठी घेऊन सारखा डोकावत होता. लोकांनी त्या हातालाच मत द्यायचं ठरवून टाकलं. निवडून आल्यावर पहिलं काम कोणतं करणार, असं विचारल्यावर एक जण म्हणाली, “ह्यांना विचारून सांगते.” सगळे पोट धरून हसले. “बिचारी खरं तरी बोलली,” एक जण म्हणाला. बाकीच्यांनी रस्ता, पाणी, लाईट सांगितलं. क्रम तेवढा पुढेमागे.

आणि मग वहिनीची पाळी आली. पडद्यावर तिची खुर्ची होती आणि खुर्चीत कोणी नव्हतं. खालच्या कडेला जांभळ्या पदराचं टोक तेवढं हलत होतं.

“आवाज कुठून यून राह्यला रे?”

“खुर्ची बोलून राह्यली भाऊ!”

जो हशा उठला त्यात वहिनीची घरागणिक यादी बिलकुल बुडून गेली. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. दादा ओरडला, “अरे ऐका ना!” पण तोही मेल्याहून मेल्यासारखा झाला होता.

आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. “ही खाली कामून बसली?” ते दारात उभे असताना त्यांनी तिला खाली बसलेलीच पाहिली होती. त्यांना त्यात वेगळं काही दिसलंच नव्हतं. ती त्यांना नेहमी खालीच बसलेली दिसायची.

शेजारच्या चुलतीनं पोरांना दटावलं. “हसता काय रे मेल्यांनो? आबा गेल्ते ना तिथं. सासरा दारात उभा आन् सून खुर्चीवर बसंल व्हय? सून असावी तर अशी!”

मग सगळ्यांचाच सूर बदलला. लई संस्काराची बाई. आजकाल कुठं राह्यलंय असं. घराण्याचं नाव राखलं. मला इतका राग आला की काय सांगू. हसणाऱ्यांचा कमी आणि कौतुक करणाऱ्यांचा जास्त. हसणाऱ्यांनी निदान खुर्ची रिकामी आहे हे तरी पाहिलं होतं.

आबा कार्यक्रम संपायच्या आत उठून गोठ्याकडे गेले.

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी चुलीपुढे बसली होती, पण चुलीवर काही नव्हतं. तिनं मला विचारलं, “आठवीचं ऐकू आलं का हो ताई कोणाला?” मी म्हटलं, “आलं.” तिला कळलं असणार की नाही आलं. तिनं पीठ परातीत घेतलं.

पुढचे चार दिवस फाट्यावरच्या हॉटेलात तोच विषय. अकरा जणींपैकी कोण काय बोललं हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. रिकामी खुर्ची मात्र सगळ्यांच्या ध्यानात होती. म्हातारे म्हणायचे, तिकीट द्यावं तर अशा बाईला. तरणे म्हणायचे, जी टीव्हीवर खुर्चीत बसंना ती जिल्हा परिषदेत काय बसणार? दोघांचंही ऐकून नेते एका दुपारी आमच्या घरी आले.

बैठकीत खुर्च्या मांडल्या. नेते एका खुर्चीत, दादा दुसऱ्या, आबा बाजेवर. एक खुर्ची मोकळी ठेवली होती. वहिनी स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी उभी. नेत्यांनी चहा घेतला, पावसापाण्याचं विचारलं आणि हसत म्हणाले, “आबा, सूनबाईंना तिकीट दिलं तर त्या खुर्चीवर बसतील का तिथंही सतरंजी टाकावी लागेल?”

दादा घाईनं म्हणाला, “बसंल ना, बसंल. बस गं.” वहिनी हलली नाही. सगळे आबांकडे बघायला लागले. मला वाटलं, ते आता म्हणतील, बस. पण त्यांनी म्हटलं असतं तरी ती बसली नसती, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ही गोष्ट परवानगीनं होणारी नव्हती.

आबांनी फेटा सारखा केला. “बैलाला पाणी दाखवायचं राह्यलं,” असं काहीतरी पुटपुटले आणि बाहेर निघून गेले. बैलांना दादानं नुकतंच पाणी दाखवलं होतं.

ते फाटकाबाहेर गेल्याचा आवाज आला आणि वहिनी येऊन खुर्चीत बसली. पाठ टेकवली नाही, पण बसली. सगळं पुन्हा सांगितलं, घरागणिक. या वेळी कोणी हसलं नाही. नेत्यांनी दोनदा मान डोलावली. ते गेल्यावर ती लगेच उठली आणि खुर्ची भिंतीला लावून ठेवली. आबा दिवेलागणीला परत आले.

तिकीट तिला मिळालं नाही. अकरांपैकी कोणालाच मिळालं नाही. ते नेत्यांच्या चुलत भावजयीला गेलं. त्या बाईंना टीव्हीवर कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्याविषयी कोणी वाईटही बोललं नव्हतं. दादा आठवडाभर घुम्यासारखा वागला. पुतणी सातवी पास झाली तेव्हा वहिनीनं तिचं दप्तर धुतलं, वाळवलं आणि खुंटीला अडकवलं. ते मी पाहिलं आणि मला रडू आलं. तिला नाही आलं.

जून उजाडला. वाटूरची शाळा उघडली त्या दिवशी सकाळी आबा धुतलेलं धोतर आणि फेटा घालून अंगणात उभे राहिले. त्यांच्या हातात पोरीचं दप्तर होतं. पुतणी बावचळून बघत राहिली.

“चल जल्दी,” आबा तिला म्हणाले. “जीप निघून जाईल. एकटी न्हाई जायची म्हणलं होतं मी. मी हाय संगं. रोज नेईन आन् रोज आणीन.”

वहिनी भाकरीचे हात तसेच घेऊन दारात आली होती, आबांपासून चार पावलांवर. आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. रीतीप्रमाणे पोरीकडेच पाहिलं.

“आन् तुझ्या मायला म्हणावं,” ते म्हणाले, “त्या दिशी दारात उभं राहून सगळं ऐकलं मी.”

पुतणी वळली आणि तिनं आईला निरोप सांगितला, शब्दाला शब्द. वहिनीनं तो पोचेपर्यंत वाट पाहिली, आणि मगच पदर डोळ्यांना लावला.