देवरावचं माकडहाड

देवरावला मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा तो मला दिसलाच नाही. दर्यापूरहून अमरावतीला जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये मी पुढच्या सीटवर, म्हणजे पुढच्या सीटवरच्या एका गृहस्थाच्या मांडीवर बसलो होतो. समोर स्टिअरिंग होतं, त्यावर दोन हात होते, पण ते नेमके कोणाचे यावर सवाऱ्यांचं एकमत होत नव्हतं. डावीकडे माणसं, उजवीकडे दाराला चिकटून एक पैलवान. जीप मात्र सुसाट! शेवटी माझ्या काखेतून आवाज आला, "भाऊ, हात वर करा जरा, गिअर टाकाचा हाये."

तो देवराव.

अर्धी सीट सवारीची, अर्धी आपली, या नेमाने त्याने जन्मभर एका अंगावर जीप चालवली. पुढे घरोघरी मोटारसायकली आल्या, जीप रिकामी राहू लागली, पण सरकायची सवय काही जाईना. एक दिवस स्टँडवर एक बाई समोरून येताना दिसली. "या मावशी, बसा," म्हणत डावीकडे जागा करायला देवराव आपल्या बाजूच्या दाराकडे सरकला. दार सुतळीने बांधलेलं. सुतळी तुटली आणि देवराव बसल्या आसनी डांबरावर आला. मावशी नातवाच्या मोटारसायकलवर बसून निघूनही गेल्या.

अकोल्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. "माकडहाडाला मार आहे. सध्या गाडी बंद. दुखणं थांबलंच नाही तर काढून टाकू. तसंही ते बिनकामाचं."

देवरावला डांबरापेक्षा हा शब्द जास्त लागला, कारण घरात जीपबद्दलही तोच शब्द चालू होता. आज हाड जाईल, उद्या जीप, आणि परवा आपलाच नंबर, असा त्याने अंदाज बांधला.

शाळेत शिकवून झाल्यावर मी भेटायला गेलो तर स्वारी पालथी पडलेली.

"काहून काडू द्याचं, सांगा बरं?" उशीत तोंड खुपसून तो म्हणाला. "कोनाचं काई खाऊन राह्यलं का ते?"

केशरवहिनी चहा घेऊन आल्या. "माकडाचंच हाड हाये म्हने. शेपटी नाई तरी इतक्या उड्या मारता तुमी. असती तं झाडावरूनच डबा मांगतला असता!"

त्याची भाची ज्योत्स्ना अकोल्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. ती तिथेच होती. "मामा, आपल्या लय जुन्या पूर्वजाइले शेपटी होती. शेपटी गेली, तिचा बुडखा राह्यला. पन बिनकामाचा नाई. बसाच्या जाग्याचे स्नायू त्याले धरून असतात. मांगं टेकून बसलं का भारही घेते ते. त्याचं काम बदललं, एवढंच."

देवरावने मान वर केली. "म्हंजे नोकरीवरून काडलं नाई त्याले?"

"नाई मामा. बदली झाली."

या बदलीने तो इतका खूश झाला, की दोन उशा टाकून चक्क उठून बसला.

पुढे दुखणं ओसरलं तसा तो पुन्हा जीपवर आला. बुडाखाली मोटारसायकलची फुगवलेली ट्यूब, उजवीकडे कोणी नाही, सीट आख्खी त्याची. त्या दिवशी मी देवराव पहिल्यांदा पूर्ण पाहिला. माणूस बराच रुंद निघाला.

ज्या दोनचार सवाऱ्या मिळत त्यांना तो रस्ताभर शिकवायचा. थंडीत अंगावर काटा येतो ती पूर्वजांची केस फुगवायची सवय. कान हलवायचे स्नायूही तसेच उरलेले. मग तो आरशात बघून दोन्ही कान हलवून दाखवी. सगळी जीप कान हलवायला लागे. मी जोर लावला तर भुवया हलल्या आणि चष्मा पडला.

"गुरुजी, तुमचे कानं पूर्न रिटायर झाले!" देवराव ओरडला.

हाड काढावं लागलं नाही. जीप दिवाळीनंतर भंगारात गेली. पुढची सीट तेवढी देवरावने अंगणात ठेवून घेतली आहे. तिच्यावर कुत्रं झोपतं.