गाळून पाठवलेलं पाणी

जिभेच्या टोकावर ती कडवट, जळजळीत चव अजून रेंगाळते आहे. मीठ ओढून झाल्यावर मिठागरात उरतं ते हे कडू पाणी! मिठागर चालवणारे जोमाकाका ते ओहोटी पाहून खाडीत सोडून देत आणि आम्ही विद्यापीठातली शहाणी माणसं त्यातून औषधोपयोगी क्षार काढू पाहत होतो. नवं स्वातंत्र्य, नवी उमेद! प्रयोगशाळेतली विद्या कारखान्यात उतरवा म्हणून सरकारनं अनुदान दिलं आणि पेणजवळ, काकांच्याच मिठागराशेजारी, आमची पत्र्याची शेड उभी राहिली.

पावसाळ्यात मिठागर बुडालं की काकांचे दोन्ही मुलगे मुंबईच्या गोदीत हमालीला जात. कारखाना चालला तर ते घरी राहणार होते. म्हणून तर शेड उभी राहण्याआधीचं वर्षभर नमुन्याच्या बाटल्या काका स्वतः भरून पाठवत. केवढं नितळ पाणी! त्या नितळपणावर आम्ही प्रबंध रचले.

शेडमध्ये मात्र चौथ्याच दिवशी यंत्राच्या गाळण्या चिखलानं बुजल्या. धुतल्या, पुन्हा बुजल्या. मी चक्रावून गेलो. पाणी तेच, मग हा चिखल कुठला? काकांना विचारलं तर ते ओशाळून म्हणाले, "सरकारला का गढूल पानी पाठवाचं, सायेब? धोतराच्या फडक्यान गालून भरलं."

रागवावं तरी कुणावर? देवापुढे निवडलेलेच तांदूळ ठेवणारे ते हात! आणि मी? वर्षभरात एकदाही स्वतः बाटली भरायला आलो नव्हतो. अहवालात 'अपयशाचे कारण' असा रकाना होता. तिथे त्यांचा आदर लिहू की माझा आळस? अखेर 'पाण्यातील गाळ' एवढंच लिहिलं. ते खरं होतं, तरी लिहिताना मला लाज वाटली. अनुदान थांबलं, शेडला कुलूप लागलं आणि मुलगे गोदीवर गेले.

पुढच्या वर्षी काकांचा धाकटा मुलगा गोदीवर जाताना माझ्या प्रयोगशाळेत आला. त्याच्या हातात बाटली होती. गढूळ, न गाळलेल्या पाण्याची, मला तेव्हा हवी होती अगदी तशी. "बाबान इचारलंय, आता चालल ना?" 

'कळवतो' म्हणालो. तो गेल्यावर कितीतरी वेळ मी त्या बाटलीकडे बघत बसलो. गाळ सावकाश तळाशी बसला आणि वरचं पाणी पहिल्यासारखं नितळ झालं. बोट बुडवून चाखलं, तर चव तीच होती.

काकांना मी अजून काहीच कळवलेलं नाही.