निखिलच्या कोपराचं वर्ष

पडद्यावर एमआरआयचा फोटो लावून डॉक्टर म्हणाले, "लिगामेंट फाटलंय." लिगामेंट म्हणजे दोन हाडांना धरून ठेवणारा पट्टा. माझ्या मुलाच्या, निखिलच्या, उजव्या कोपरातला तो पट्टा जवळजवळ तुटला होता.

निखिल इथे जपानमध्ये बेसबॉल खेळतो. तेच त्याचं काम. तो रिलीफ पिचर आहे. पहिला पिचर दमला की उरलेल्या खेळात चेंडू टाकायला जातो.

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन आठवडे," निखिल म्हणाला.

मी मान खाली घालून बसले होते. डॉक्टर माझ्याकडे वळले. "ओकासान, तुम्हाला काय वाटतं?" इथे कोणाच्याही आईला असंच म्हणतात. माझं जपानी बाजारापुरतं. तेवढ्यातच सांगितलं, "दोन महिने. मी रोज तेल चोळते."

"आई, झालं तुझं?" निखिल मराठीत पुटपुटला.

खरं तेच होतं. तो हात पुढे करायचा, मी तेल कोमट करायचे. त्याने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. हात हलका झाला की तो पुन्हा टाकायला जायचा.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "तेलाने पट्टा फाटला नाही. पण दुखणं काहीतरी कळवत होतं, ते तुम्ही दोघांनी झाकलंत."

मग त्यांनी विचारलं, रोज चेंडू किती? मैदानावर पंधरा-वीस, निखिल म्हणाला. आणि आत, तयारीच्या जागेत? ते मोजत नाही, तो म्हणाला. रिलीफ पिचरला कधी बोलावतील सांगता येत नाही, म्हणून आतल्या जागेत टाकून टाकून खांदा तयार ठेवावा लागतो. कधी तीनदा तयार होऊन नुसतं बसायचं. ते चेंडू कुठे लिहिले जात नाहीत. आणि आज नको म्हटलं तर दुसरा उभा राहतो, जागा त्याची होते.

ऑपरेशनमध्ये मनगटातला टेंडन, म्हणजे स्नायूची दोरी, काढून कोपरात बसवला. निखिलचे बाबा योकोहामाला हॉटेलात स्वयंपाकी आहेत. ते कामावरच्या पांढऱ्या कपड्यांतच इस्पितळात आले होते. शेजारी बसलेल्या बाई त्यांना डॉक्टर समजून वाकून नमस्कार करत होत्या, तेही परत वाकत होते.

संघाने निखिलचा करार बदलून त्याला मुख्य यादीबाहेर ठेवलं. बऱ्या न झालेल्या खेळाडूंच्या पाठीवर तीन आकडी नंबर येतो. "बासष्टचा एकशे बासष्ट. बढती झाली की रे," बाबा म्हणाले. त्या महिन्यात निखिल पहिल्यांदा हसला.

पहिले काही आठवडे फक्त स्पंज दाबायचा. व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई रोज विचारायच्या, शून्य ते दहा, किती दुखतंय? निखिल रोज शून्य सांगायचा. एकदा त्यांनी वही मिटली. "शून्यवाल्यांना शिकवायला माझ्याकडे काही नाही. उद्या खरा आकडा घेऊन या."

दुसऱ्या दिवशी तो हळूच म्हणाला, "तीन." बाईंनी लिहून घेतलं आणि व्यायाम कमी केला. घरी येताना ट्रेनमध्ये तो माझ्या खांद्याला टेकून झोपला. लहानपणानंतर प्रथमच.

तुमच्या घरी कोणी असं दुखणं घेऊन बसलं असेल तर जरूर चोळून द्या. पण आधी विचारा. मी लाजत राहिले, तो मोठा झाला, त्याचं काम त्याला कळतं, असं म्हणत राहिले.

वर्ष उलटून गेल्यावर तो संघाच्या दुसऱ्या फळीतून दुपारच्या सामन्यात उतरला. मी जाळीमागे शेवटच्या रांगेत होते. चेंडू कसे पडले ते मला फारसं कळलं नाही. हात खाली आल्यावर तो कोपर चाचपतो का, तेवढंच बघत होते. चाचपला नाही. एक धाव दिली.

दोन दिवसांनी जेवताना तो म्हणाला, "आज कोचने तयार व्हायला सांगितलं. मी म्हटलं, आज चार आहे."

"मग?"

"मग दुसरा गेला. छान टाकलं त्याने."

बाबांचा घास हातातच राहिला. "आणि तुझी जागा?"

"जाईल कदाचित," निखिल म्हणाला आणि उजव्या हाताने ताट पुढे केलं. "आई, अजून एक पोळी."

मला बरं वाटलं. इतकं बरं सामन्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं.