साखरेच्या डब्याचं कुलूप

आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, स्वतःला डॉक्टर समजायचे, डोंबलाचे डॉक्टर! एकोणीसशे साठच्या आसपास आम्ही राळेगावात राहत होतो आणि मायला साखरेचा आजार निघाला. रोज सकाळी कंपाउंडर इन्शुलिन टोचून जायचा. त्याआधी अंगणात मोठ्या बाबांचा तमाशा. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात मायच्या लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळं राहिलं तर साखर नाही, विटेसारखं लाल झालं तर भरपूर.

लालच व्हायचं. मग ते माझ्यावर गरजायचे, "विचार तुह्या मायले, चोरून काय खाल्लं?" ते मायचे भासरे, थोरले दीर. भासऱ्यांसमोर बाईनं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माय पदराआड थरथरायची आणि मी सांगायची, काहीच नाही. बाबा भावापुढे ब्र काढत नसत. शेवटी साखरेच्या डब्याला कुलूप लागलं आणि किल्ली मोठ्या बाबांच्या करदोट्याला.

एकदा ते आठ दिवस महागावला गेले. तीच भाकर, तेच वरण, तेच इंजेक्शन, आणि मी तापवलेली नळी रोज निळी! ते परतले आणि पुन्हा लाल. मायला यवतमाळला दाखवायला नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "भीतीनंही साखर वाढते. मज्जातंतू चेतले की शरीरच रक्तात साखर सोडतं. बाई, घरात कुणाची धास्ती आहे का?" मायच्या शेजारी मोठे बाबाच बसलेले. उत्तरही त्यांनीच दिलं, "छे! धास्ती कायची?" वा रे शहाणे!

घरी येऊन त्यांनी मायची भाकर अर्धी केली. इंजेक्शन तेवढंच. तिसऱ्या दिवशी दुपारी माय घामानं भिजली, बरळली आणि चुलीपाशी कोसळली. असं झालं तर लगेच साखर द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी किल्लीसाठी धावले. मोठे बाबा खाटेवर लोळत होते. "नखरे करून राह्यली," म्हणाले आणि कूस बदलली. असा संताप आला! मी वरवंटा उचलला, कुलूप फोडलं आणि मायच्या गालात साखर कोंबली.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. दारात भासरे उभे दिसले, तसा तिचा हात आधी पदराकडे गेला.

"विचार तुह्या मायले," ते म्हणाले, "किती साखर खाल्ली?"

"जित्ती हाय माय," मी म्हटलं. "तुमीच विचारा."