सर्व्हरचं आडनाव

दोस्तहो, आज दुपारी ऑफिसात एक नोंद पुसली आणि तेव्हापासून मी वाशिमात नाहीच. कामरगावात आहे, सत्तरच्या दशकातल्या.

झालं असं. इंटरनेटवर सर्व्हरच्या नावापुढे डीएनएसमध्ये, म्हणजे नावांच्या जाहीर वहीत, नोंदी असतात. आमच्या सर्व्हरपुढे एक जुनी नोंद निघाली. मशीन कोणत्या बनावटीचं, आत कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, सगळं लिहिलेलं. जगात कोणीही विचारावं, त्याला उत्तर तयार.

"राहू द्या ना ताई, कोण पाहून राह्यलं?" सोबत काम करणारा गजानन म्हणाला.

"ज्याले काम आहे तो हे कायले विचारते? ज्याले फोडून आत घुसायचं आहे, तोच विचारते."

बोलले आणि ते ऊन आठवलं. मी लहान. बाबांसोबत धनजहून कामरगावला चालत आलेली. विहिरीवर एक माणूस लोटा घेऊन उभा होता. बाबांनी ओंजळ पुढे केली.

"आडनाव काय जी?"

आम्ही बौद्ध. आडनाव कळलं की लोटा किती उंच धरायचा, ते ठरायचं.

बाबा हसले. "तहान लागली दादा. एवढंच सांगतो."

लोटा हवेतच थांबला. काठावर एक थेंब, त्यात अख्खं ऊन. पुढचं मला आठवतच नाही.

नोंद पुसली. गजाननने विचारलं, "आता कोणी विचारलं तं?"

"सर्व्हर फक्त नाव सांगन, अन् काम करन."

तो थेंब अजून पडलेला नाही. लोटा तुमच्या हातात असता, तर तुम्ही आधी काय विचारलं असतं?