तांदळाच्या खोलीत कान तपासले तेव्हा

इंदापूर तालुक्यात मी फिरती शिक्षिका होते. मागे पडणारी मुलं शाळाशाळांतून शोधायची, ती का मागे पडतात ते पाहायचं आणि त्यांना काय मदत द्यायची ते ठरवायचं, असं माझं काम. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्हाला कान तपासायचं एक शिबिर मिळालं. डॉक्टर बारामतीचे. संध्याकाळी त्यांचा दवाखाना असायचा, म्हणून ते चारला निघणार होते.

मला त्या दिवशी एकाच मुलीची काळजी होती. निरवांगीकडच्या एका वस्तीवरची, धनगराची. पहिलीत तिसरं वर्ष. तिच्या गुरुजींनी 'मतिमंद' असा निकाल देऊन टाकला होता. मला कानांचा संशय होता. तिच्या बापाने मामला सोपा करून ठेवला होता.

"बाई, कानात दोष आसंल तर शिकू द्या. डोक्यातच आसंल तर शेरडामागं जाऊ द्या. उगा शाळंत मार कशाला खायचा तिनं?"

शाळेतल्या शिबिराच्या खोलीला लाल रिबीन बांधली होती आणि ती कापणारे पाहुणे यायचे होते. तोवर आत जायचं नाही. कान तपासायला शांतता लागते, हे आधी कळवूनही अंगणात भोंगा लावलेला, त्यावर देशभक्तीची गाणी. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना निदान हे तरी ऐकू जावं, असा हेतू असेल.

मी फाटकापर्यंत जायचे, रस्ता पाहायचे, परत यायचे. दोन वाजून गेले. डॉक्टर घड्याळ बघू लागले.

"सर, सुरू करू या आता," मी हेडमास्तरांना म्हटलं.

"बाई, रिबीन हाय न्हवं! तिचा मान कुणी ठेवायचा?"

शेवटी शिपायाने शाळेचा तांदूळ ठेवायची खोली उघडून दिली. मुलांना वाटायला आलेली पोती छतापर्यंत रचलेली. मुलगी, तिचा बाप आणि गुरुजी यांना घेऊन आम्ही आत शिरलो. दार लावलं की भोंगा शेजारच्या गावात गेल्यासारखा वाटे. डॉक्टरांनी मशीन मांडलं, मुलीच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात चिंचोके दिले. आवाज आला की एक चिंचोका वाटीत टाकायचा, हे खुणेनं करून दाखवलं.

डॉक्टरांनी बटण दाबलं. टप्. पुन्हा दाबलं. टप्. दर वेळी चिंचोका वाटीत.

"हिला तर चांगलं ऐकू येतंय," डॉक्टर म्हणाले.

बापाने उठून टोपी नीट केली. मी नखाने एका पोत्याची शिवण उसवत होते.

तेवढ्यात डॉक्टरांनी नाकावरचा चष्मा वर सारला आणि वाटीत आवाज झाला, टप्! ते थबकले. आवाज न देता त्यांनी नुसताच हात हलवला. टप्!

"अगं लबाडे, माझा हात बघतेस होय?"

त्यांनी तिला पोत्यांकडे तोंड करून बसवलं. मग वाटी गप्प झाली. आवाज वाढवत वाढवत नेला, तेव्हा कुठं एक चिंचोका पडला.

"कान अधू आहेत. डोकं झकास चालतंय."

"म्हंजी येडी न्हाय?"

"नाही."

"मग तीन वर्सं हिला मारलं कशापायी?"

कोपऱ्यात उभ्या असलेल्या गुरुजींना एकदम पाहुण्यांची आठवण झाली. ते बाहेर गेले. थोड्या वेळाने टाळ्या ऐकू आल्या. रिकाम्या खोलीचं उद्घाटन झालं होतं.

कानाचं यंत्र मिळायला वेळ होता. तेही कुणाच्या तरी शुभहस्तेच मिळणार होतं. तोवरची योजना मी लिहून दिली. मुलीला पुढे बसवावं. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. शिकवताना गुरुजींनी तंबाखू खाऊ नये, भरल्या तोंडाचे ओठ वाचता येत नाहीत. तालुक्याच्या शिक्षण खात्यातल्या साहेबांनी शेवटचं वाक्य खोडलं. म्हणाले, शिक्षकवर्गाचा अवमान होतो. बापाला मी सगळं वाचून दाखवलं, खोडलेलं धरून.

पुढच्या आठवड्यात तिच्या शाळेत गेले तर बाप वर्गाच्या दारात काठी टेकून उभा. पोरगी पुढे बसलेली. गुरुजी गाल फुगवून पुस्तक उघडत होते.

"गुरुजी, तेवढं थुकून या. पोरीला तुमचं त्वांड वाचायचं हाय."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा पाहत होते. ते बाहेर गेले, चूळ भरली, ओठ पुसत आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"कमळ."

ती 'कमळ'च्या जवळपासचं काहीतरी म्हणाली. गुरुजींनी पुन्हा म्हटलं.